दुष्परिणामांची नोंदवही कुणाच्या कपाटात?

सप्टेंबर २०२२. उत्तर लंडनच्या कोरोनर न्यायालयात एक बालमनोविकारतज्ज्ञ साक्ष देत होते. एका मुलीने मृत्यूपूर्वी समाजमाध्यमांवर पाहिलेला मजकूर तपासण्याचे काम त्यांच्याकडे होते. तो पाहिल्यानंतर काही आठवडे आपल्याला नीट झोप लागली नाही, असे त्यांनी सांगितले. मुलांच्या मनाचे आजार हाच ज्यांचा रोजचा विषय, त्या प्रौढ डॉक्टरांची ही अवस्था. ज्या मुलीने तो मजकूर महिनोन्‌महिने पाहिला, ती मॉली रसेल १४ वर्षांची होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिचा मृत्यू झाला.

कोरोनर म्हणजे अनैसर्गिक मृत्यूचे कारण शोधणारा न्यायिक अधिकारी. मुंबईतही पूर्वी हे पद होते. लंडनच्या त्या न्यायालयात जे आकडे पुढे आले ते असे : शेवटच्या सहा महिन्यांत मॉलीने इन्स्टाग्रामवर सुमारे १६,३०० पोस्ट जपून ठेवल्या, पुढे पाठवल्या किंवा ‘लाइक’ केल्या. त्यांतल्या सुमारे २,१०० नैराश्य, स्वतःला इजा करणे आणि आत्महत्या या विषयांवरच्या होत्या. पिंटरेस्ट या दुसऱ्या माध्यमाने तर नैराश्याविषयीची चित्रे ‘तुला आवडतील’ म्हणून तिला ईमेलने सुचवली होती. यातला काही मजकूर तिने मागितलाच नव्हता, अल्गोरिदमने तो निवडून तिच्यापुढे ठेवला होता, असे कोरोनर अँड्र्यू वॉकर यांनी नोंदवले. नैराश्य आणि ऑनलाइन मजकुराचे वाईट परिणाम भोगत असताना स्वतःला केलेल्या इजेने तिचा मृत्यू झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मृत्यू आणि हा निष्कर्ष यांच्यामध्ये जवळपास पाच वर्षे गेली. शवविच्छेदनाचा अहवाल काही दिवसांत मिळतो. पण त्या मुलीला रोज काय दाखवले गेले, याची माहिती तिच्या घरात नव्हती आणि तिच्या डॉक्टरांकडेही नव्हती. ती कंपन्यांच्या संगणकांत होती आणि तिथून ती बाहेर काढण्यासाठी कुटुंबाला आणि न्यायालयाला पाठपुरावा करावा लागला. हानीचा पुरावा, जिच्यामुळे हानी झाली असेल त्याच संस्थेच्या कपाटात बंद असतो. ऑनलाइन सुरक्षिततेच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

हे कपाट उघडून आतल्या नोंदी वाचता येणारी माणसे हवीत. अल्गोरिदमच्या पारदर्शकतेवर आणि ऑनलाइन सुरक्षिततेवर काम करणारे डेटा सायंटिस्ट ते काम करतात. डेटा सायंटिस्ट म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोठ्या पगाराची नोकरी आणि जाहिरात कुणाला दाखवावी याची गणिते येतात. पण याच गणिताची उलटतपासणी करणाऱ्यांचाही एक वर्ग आहे. यंत्राने कुणाला काय दाखवले, का दाखवले आणि त्याचा काय परिणाम झाला, हे तीन प्रश्न ते विचारतात. वैद्यकात रोगपरिस्थितिविज्ञानाचे तज्ज्ञ जे करतात, त्याच जातीचे हे काम आहे.

यंत्राला मोजायला काय सांगितले?

समाजमाध्यमाचा अल्गोरिदम मुळात फारसा गूढ नाही. तुमच्यापुढे ठेवता येतील अशा हजारो पोस्टपैकी प्रत्येकीबद्दल तो अंदाज बांधतो : हा माणूस यावर थांबेल का? बोट लावेल का? प्रतिक्रिया लिहील का? पुढे पाठवेल का? प्रत्येक शक्यतेला ठरावीक गुण असतात. गुणांची बेरीज होते आणि जिची बेरीज मोठी ती पोस्ट वर येते. गुंतागुंत आहे ती अंदाज बांधण्यात. गुण कशाला किती द्यायचे, हा मात्र माणसांनी घेतलेला निर्णय असतो.

फेसबुकचे उदाहरण बोलके आहे. २०१७ पासून काही काळ तिथे ‘लाइक’ला जेवढे वजन होते त्याच्या पाचपट वजन इमोजीतून दिलेल्या प्रतिक्रियांना होते. रागाने लाल झालेला चेहराही त्यात आला. म्हणजे ज्या मजकुराने माणसे चिडतात, तो अधिक लोकांपर्यंत पोहोचण्याची सोय झाली. रागाच्या चेहऱ्याचे वजन सप्टेंबर २०२० मध्ये शून्यावर आणले गेले. हा तपशील जगाला कळला तो २०२१ मध्ये, फ्रान्सिस हॉगेन या कर्मचारी महिलेने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली तेव्हा. त्याच कागदपत्रांत कंपनीच्या स्वतःच्या संशोधकांची एक पाहणी होती. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी त्यात सांगितले होते. पाहणीचा एकच भाग उचलला गेला, इतर अनेक बाबतींत मुलींना फायदाच वाटत होता, असे कंपनीचे म्हणणे पडले. त्यात तथ्य असेलही. पण पूर्ण पाहणी बाहेरच्या तज्ज्ञांना आधीच मिळाली असती, तर हा वाद फुटलेल्या कागदांवर घालण्याची वेळ आली नसती.

मोजमापाची चूक किती घातक ठरते हे खुद्द वैद्यकानेही अनुभवले आहे. अमेरिकेतील रुग्णालये जास्त देखभालीची गरज असलेले रुग्ण निवडण्यासाठी एक अल्गोरिदम वापरत होती. २०१९ मध्ये झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याची तपासणी प्रसिद्ध केली. त्या यंत्राला रुग्णाचा वर्ण सांगितलेलाच नव्हता. तरीही ते कृष्णवर्णीय रुग्णांना मागे टाकत होते, कारण त्याला आजार मोजायला सांगितलेला नव्हता, उपचारावर होणारा खर्च मोजायला सांगितला होता. सारखाच आजार असूनही कृष्णवर्णीयांवर कमी पैसे खर्च होत होते, म्हणून यंत्राच्या हिशेबी ते कमी आजारी ठरले. ही चूक दुरुस्त केली तर जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्के होईल, असे संशोधकांना आढळले.

यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. गरज मोजायच्या जागी खर्च मोजला, एवढेच. समाजमाध्यमांत समाधान मोजायच्या जागी थांबलेला वेळ मोजला जातो. नैराश्यात बुडालेले मूल दुःखाच्या चित्रावर जास्त वेळ थांबते. यंत्र त्याचा अर्थ ‘हिला हे आवडते’ असा लावते आणि आणखी आणून देते. ओबरमायर यांच्या चमूला रुग्णालयाच्या नोंदी पाहायला मिळाल्या, म्हणून ती चूक सापडली. समाजमाध्यमांच्या बाबतीत तशा नोंदी बाहेरच्या माणसाला सहसा मिळत नाहीत.

दाराबाहेरून तपासणी

मग हे संशोधक काय करतात? एक मार्ग चाचणी खात्यांचा. खोटी ओळख घेऊन खाते उघडायचे, वय आणि आवडी ठरवायच्या आणि काय समोर येते ते नोंदत राहायचे. अमेरिकेच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०२१ मध्ये टिकटॉकवर अशी शंभराहून अधिक स्वयंचलित खाती चालवली. त्यातल्या एका खात्याला दुःखी मजकुरावर रेंगाळायला सांगितले होते. त्या खात्याची एकूण ३६ मिनिटे पाहून झाली, तोवर त्याची आवड यंत्राने हेरली होती. त्यापुढे त्याला दाखवलेल्या व्हिडिओंपैकी ९३ टक्के उदासी किंवा नैराश्याबद्दलचे होते. त्या खात्याने काही मागितले नव्हते. ते फक्त थोडे जास्त थांबले होते.

असाच एक प्रयोग भारतीय खात्यावर झाला, तोही फेसबुकच्याच कर्मचाऱ्याकडून. फेब्रुवारी २०१९ मध्ये केरळमधील वापरकर्ता म्हणून एक चाचणी खाते उघडले गेले. नियम एकच : अल्गोरिदम जे सुचवील ते स्वीकारायचे. तीन आठवड्यांत ते खाते द्वेष, खोट्या बातम्या आणि हिंसेच्या चित्रांनी भरून गेले. आयुष्यभरात पाहिली नसतील इतकी मृतदेहांची चित्रे या तीन आठवड्यांत पाहिली, अशा आशयाची नोंद त्या कर्मचाऱ्याने केली. तो पुलवामा हल्ल्यानंतरचा तणावाचा काळ होता, हे खरे. पण साथीच्या काळातच पाणी जास्त तपासायचे असते.

दुसरा मार्ग माहितीच्या दानाचा. युरोपात नागरिकाला स्वतःची सगळी माहिती कंपनीकडून मागवता येते. ती तो स्वखुशीने संशोधकांना देऊ शकतो, रक्तदानासारखी. तिसरा मार्ग कंपनीनेच उघडलेल्या खिडकीचा. या खिडक्या मात्र कंपनीच्या मर्जीने उघडतात आणि मर्जीनेच बंद होतात. न्यूयॉर्क विद्यापीठात फेसबुकवरील राजकीय जाहिराती तपासणाऱ्या संशोधकांची खाती ऑगस्ट २०२१ मध्ये बंद करण्यात आली. ट्विटरने संशोधकांना मोफत मिळणारा डेटा २०२३ मध्ये थांबवला. फेसबुकवर कोणती पोस्ट किती पसरते हे पाहण्याचे ‘क्राउडटँगल’ हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाले.

किती वेळ नव्हे, काय?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोबाइलमुळे एक अख्खी पिढी आजारी पडली, हे विज्ञानाने सिद्ध केलेले नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये तीन मोठ्या पाहण्यांतील साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातला जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असे त्यांना आढळले. एकट्या पडलेल्या अनेक मुलांना याच माध्यमांत सोबतही मिळते.

पण असे बहुतेक अभ्यास कशावर उभे आहेत? ‘दिवसातून किती वेळ वापरता?’ या प्रश्नाला मुलांनी दिलेल्या उत्तरावर. मधुमेहाच्या रुग्णाला ‘जेवायला किती वेळ लागतो?’ एवढेच विचारून आहाराचा अभ्यास करण्यासारखे हे आहे. ताटात काय होते, हे कळलेच नाही. तासभर गणिताचे धडे पाहणारी मुलगी आणि तासभर स्वतःला इजा करण्याची चित्रे पाहणारी मुलगी या हिशेबात सारख्याच ठरतात. शिवाय सरासरी लहान असली तरी तिच्या पोटात काही मुलांची मोठी हानी लपू शकते. शेंगदाणे बहुतेकांना पचतात, म्हणून ॲलर्जी असलेल्या मुलाला ते चालत नाहीत.

खरी माहिती मिळाली तर भीती अवास्तव होती असेही निघू शकेल. तेही हवेच आहे. आज पालकांची भीती आणि कंपन्यांचे आश्वासन दोन्ही तपासणीविना हिंडत आहेत.

वैद्यकाने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस थॅलिडोमाइड हे औषध सुरक्षित म्हणून विकले जात होते. गर्भवतींनाही ते दिले गेले. १९६१ मध्ये जर्मनीतील विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी त्याचा अर्भकांच्या व्यंगांशी संबंध दाखवला, तोवर हजारो मुले व्यंग घेऊन जन्मली होती. अमेरिका बऱ्याच अंशी वाचली, कारण औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी अडवून धरली होती. त्यानंतर १९६२ मध्ये अमेरिकेने औषधांचा कायदा कडक केला आणि इतर देशांतही औषधांवरची देखरेख बदलली. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. गोळी घेतल्यावर रुग्णाच्या अंगावर पुरळ उठले, तर ते कळवण्याची जागा आहे. कोट्यवधी मुलांपुढे रोज बदलत जाणाऱ्या अल्गोरिदमला अशी नोंदवही नाही. जी असेल ती कंपनीच्या आत.

युरोपचा मार्ग आणि आपला

युरोपीय संघाने यावर कायद्याचा उपाय योजला आहे. महिन्याला साडेचार कोटींहून अधिक युरोपीय वापरकर्ते असलेल्या कंपन्यांवर तिथल्या डिजिटल सेवा कायद्याची कडक बंधने ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली. आपल्या सेवेमुळे मुलांना आणि मानसिक आरोग्याला कोणते धोके आहेत, याचे मूल्यमापन कंपनीने दरवर्षी करायचे आणि त्याची बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यायची. व्यक्तीच्या सवयींवर न बेतलेला पर्यायही द्यायचा. पात्र संशोधकांना कंपनीच्या आतील डेटा मागण्याचा हक्क या कायद्यात आहे आणि त्याची कार्यपद्धती ऑक्टोबर २०२५ मध्ये लागू झाली. कायदा मोडल्यास दंड जागतिक वार्षिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत. हे सगळे तपासायला नुसते वकील पुरत नाहीत. म्हणून एप्रिल २०२३ मध्ये स्पेनमधील सेव्हिल शहरात अल्गोरिदम पारदर्शकतेचे युरोपीय केंद्र सुरू झाले. तिथे डेटा सायंटिस्ट, समाजशास्त्रज्ञ आणि कायदेतज्ज्ञ एकत्र काम करतात.

याचा परिणाम दिसू लागला आहे. व्हिडिओ पाहण्याबद्दल गुण आणि बक्षिसे देणारी टिकटॉकची योजना व्यसन लावू शकते, अशी शंका येताच युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये चौकशी सुरू केली. ऑगस्टपर्यंत कंपनीने ती योजना युरोपातून कायमची मागे घेतली. डिसेंबर २०२५ मध्ये ‘एक्स’ला १२ कोटी युरोंचा दंड झाला. त्याच्या कारणांपैकी एक होते संशोधकांच्या वाटेत अडथळे आणणे. ब्रिटनने २०२३च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात मुलाच्या मृत्यूच्या तपासात कोरोनरला मदत म्हणून कंपनीकडून माहिती मागवण्याची तरतूद केली. मॉलीचे वडील इयान रसेल यांच्यासारख्या पालकांनी त्यासाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला होता.

भारतात काय आहे? ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या माध्यमांना २०२१च्या नियमांनुसार दरमहा अहवाल द्यावा लागतो. किती तक्रारी आल्या, किती मजकूर काढला, हे त्यात असते. म्हणजे किती कचरा उचलला ते कळते. कुणाच्या दारात किती टाकला गेला, हे कळत नाही. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या सवयींवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. तरतूद चांगली आहे. पण ती पाळली जाते का, हे कोण तपासणार? संशोधकाला कंपनीचा डेटा मागण्याचा हक्क हा कायदा देत नाही.

त्यात भाषेचा प्रश्न आहे. इंग्रजीसाठी घडवलेली सुरक्षा यंत्रणा मराठीतली शिवी, टोमणा किंवा निराशेचा सूर ओळखेलच असे नाही. ‘आता सगळ्यातूनच सुटायचंय’ हे वाक्य परीक्षेच्या आदल्या दिवशीचे आहे की संकटात सापडलेल्या मुलाचे, हे कळायला मराठी कळावी लागते. पुण्यातील ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने २०२२ मध्ये ‘महाहेट’ नावाचा संच खुला केला. त्यात २५ हजारांहून अधिक मराठी ट्वीट तपासून द्वेषमूलक, आक्षेपार्ह, अश्लील आणि निर्दोष अशी विभागणी केली आहे. महाराष्ट्रात हे काम करणारी माणसे आहेत, याची ही खूण. पण माध्यमांचा डेटाच मिळेनासा झाला तर असे संच पुढे कशावर उभे राहणार?

आक्षेप आहेत आणि ते गांभीर्याने घ्यायला हवेत. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात कोट्यवधी लोकांची माहिती एका संशोधकामार्फतच बाहेर गेली होती. म्हणून खिडकी उघडावी, भिंत पाडू नये. रुग्णालयात संशोधनासाठी नैतिकता समितीची परवानगी लागते, नावे काढली जातात आणि नोंदी सुरक्षित जागीच पाहिल्या जातात. तोच शिरस्ता इथे चालेल. व्यापारी गुपिताचे म्हणाल तर औषध कंपन्यांचीही गुपिते असतात. नियामक ती पाहतो आणि पाळतो. सर्वांत खरी भीती आहे ती सरकारी पाळतीची. पारदर्शकतेच्या नावाखाली नागरिकांची खाती पोलिसांपुढे उघडी पडणार असतील, तर तो उपाय आजारापेक्षा वाईट. म्हणून हा हक्क विद्यापीठे आणि रुग्णालयांतील स्वतंत्र संशोधकांना हवा आणि परवानगी देणारी यंत्रणा सरकारपासून अंतर राखून असायला हवी.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर पालक आणि डॉक्टर यांना एक बदल आजच करता येईल. ‘किती वेळ मोबाइल पाहतोस?’ या प्रश्नाला मुले सरावली आहेत, त्याचे उत्तरही ती तयार ठेवतात. त्याऐवजी ‘हल्ली तुला काय काय दाखवतंय?’ असे शेजारी बसून, आवाज न चढवता विचारावे. पडद्यावर उदासी वाढलेली दिसली तर ती ताप मोजल्यासारखी नोंद समजावी आणि मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

मॉलीच्या खात्यात काय होते हे तिच्या घरच्यांना ती गेल्यानंतर कळले, आणि ते पूर्ण कळायला पाच वर्षे लागली. ती माहिती मात्र कंपनीच्या संगणकावर पहिल्या दिवसापासून होती.